एका एकराचे नऊ परार्ध

पाऊस मोजायला फार मोठं गणित लागत नाही. अंगणात एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद चौकोन आखा. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी झालं. बस्स, एवढीच एक किल्ली खिशात ठेवा आणि माझ्याबरोबर वाशीम जिल्ह्यात चला. आज आपल्याला पुष्कळ मोजायचं आहे.

वाशीमला पावसाळ्यात सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे आपल्या त्या चौकोनावर ८०० लिटर, दोनशे लिटरचे चार ड्रम काठोकाठ. एका एकरात असे चार हजारांवर चौकोन मावतात. झाले ३२ लाख लिटर! उन्हाळ्यात आपण ज्या टँकरची वाट बघत उभे असतो, तो दहा हजार लिटरचा धरला तर एका एकरावर ३२० टँकर पाणी आभाळातून येतं. टँकरचे नुसते हजार रुपये धरा. एकरी ३ लाख २० हजार रुपयांचं पाणी, तेही घरपोच, नव्हे वावरपोच!

हे झालं एका एकराचं. जिल्हा आहे सुमारे ५ हजार चौरस किलोमीटरचा. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा, सहाही तालुक्यांवरचं पाणी एकत्र करा. ४ लाख कोटी लिटर. चारावर बारा शून्यं. कोयना धरण काठोकाठ भरायला साधारण ३ लाख कोटी लिटर लागतात. म्हणजे कोयना भरून वर तिचा तिसरा हिस्सा उरेल एवढं पाणी दर पावसाळ्यात आपल्या डोक्यावरून ओतलं जातं! टँकर किती लागतील? ४० कोटी. आठ मीटर लांबीचे हे टँकर एकामागे एक उभे केले तर रांग होईल ३२ लाख किलोमीटर. मुंबई-पुणे अंतर दीडशे किलोमीटर धरलं तर ही रांग त्या रस्त्यावर २१ हजार वेळा अंथरावी लागेल. पृथ्वीच्या एका फेरीत ती मावायचीच नाही. चंद्रापर्यंत चार वेळा जाऊन परत येईल आणि तरी टँकर उरतील!

विहिरीच्या भाषेत सांगू? वीस फूट रुंदीची विहीर घ्या, तिच्यात दहा मीटर पाणी असू द्या. अशा १ कोटी ४० लाख विहिरी या पावसाने भरतील. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाखांना थोडी कमी होती. पाळण्यातल्या बाळासकट प्रत्येकाच्या नावे जवळजवळ बारा विहिरी.

मग हे पाणी जातं कुठे? काही मातीत मुरतं, काही झाडं पितात आणि पानांतून पुन्हा हवेत सोडतात, उरलेलं नद्यांना मिळतं. आणि इथे वाशीमची एक गंमत आहे. हा जिल्हा दोन उतारांच्या माथ्यावर बसला आहे. उत्तरेकडे गेलेला थेंब काटेपूर्णेत, तिथून पूर्णेत, मग तापीत, आणि सुरतेजवळ अरबी समुद्रात. त्याच्या शेजारीच पडलेला, पण दक्षिणेकडे घरंगळलेला थेंब पैनगंगेत, मग वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत आंध्रात बंगालच्या उपसागरात. एकाच ढगातले दोन सख्खे भाऊ आणि त्यांच्या मुक्कामांत हजार किलोमीटरचं अंतर! मुंबई-पुण्याच्या सहा-सात पट.

पाणी, माती, हवा, गवत, किडे, पाखरं, जनावरं आणि माणसं यांचा हा असा एकमेकांत देण्याघेण्याचा व्यवहार सतत चालू असतो. शास्त्राच्या पुस्तकात त्याला परिसंस्था म्हणतात. शब्द जड आहे, पण व्यवहार आपल्या वावरातलाच आहे. आणि या व्यवहाराच्या वहीतले आकडे वाचले की डोळे फिरतात.

गांडूळ घ्या. चार्ल्स डार्विन यांनी म्हातारपणी गांडुळांवर एक आख्खं पुस्तक लिहिलं, १८८१ साली. इंग्लंडात एका एकरातली दहा टनांहून जास्त माती वर्षाला गांडुळांच्या पोटातून जाते असा त्यांचा हिशेब होता. आपली काळी माती वेगळी, इथला उन्हाळा वेगळा, म्हणून आपण त्याचा फक्त दहावा हिस्सा धरू. एकरी एक टन. वाशीम जिल्ह्यात पेरणीखाली सुमारे ४ लाख हेक्टर आहेत, म्हणजे १० लाख एकर. म्हणजे १० लाख टन माती! एका मालगाडीत साडेतीन हजार टन माल बसतो. झाल्या २८५ मालगाड्या. एक गाडी साधारण ६५० मीटर लांब. या गाड्या एकीला एक जोडून उभ्या करा: इंजीन पुण्यात, तर शेवटचा डबा, रस्त्याहून लांब असलेल्या रेल्वेमार्गावरही, जवळजवळ मुंबईत! आणि ही सगळी माती बोटाएवढ्या, हातपाय नसलेल्या, डोळे नसलेल्या जिवांनी वर्षभरात पोटातून काढून ठेवलेली.

आता मान वर करा. आभाळाकडे नव्हे, तुमच्या आणि आभाळाच्या मधे जे आहे त्याच्याकडे. हवा.

हवेला वजन असतं. आपण आखलेल्या त्या एका चौकोनावर, जमिनीपासून थेट वरपर्यंत, समुद्रसपाटीच्या हिशेबाने दहा टनांहून जास्त हवा उभी आहे. त्यातली सुमारे पावणेआठ टन हवा म्हणजे नत्र. नत्र म्हणजे तेच, ज्याच्यासाठी आपण कृषी केंद्रासमोर युरियाची रांग लावतो! मग एका एकरावर किती नत्र उभा आहे? ३१ हजार टन. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जेमतेम २१ किलो नत्र असतो. म्हणजे एका एकराच्या डोक्यावर युरियाच्या १५ लाख गोण्यांएवढा नत्र तरंगतो आहे. गोणीची किंमत २६६ रुपये ५० पैसे. करा गुणाकार. ४० कोटी रुपये! एका एकरावर! ज्याची दोन एकर कोरडवाहू आहे, त्याच्या डोक्यावर ८० कोटींचं खत रात्रंदिवस उभं आहे.

आणि यातला एक कणही पीक स्वतःहून घेऊ शकत नाही. हवेतल्या नत्राचे कण एकमेकांना इतके घट्ट धरून बसलेले असतात की झाडाला ते सुटत नाहीत. तिजोरी डोक्यावर, पण किल्ली नाही.

किल्ली मुळाशी असते. मी लहान असताना वडिलांनी डवरणीच्या वेळी सोयाबीनचं एक झाड अलगद, मातीच्या ढेकळासकट उपटून माझ्या हातात दिलं होतं. बादलीत मुळं हलकेच धुतली. केसांसारख्या मुळांना मोहरीएवढ्या, काही ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी चिकटलेल्या. मला वाटलं रोग पडला. त्यांनी एक गाठ नखाने फोडली. आत गुलाबी! अगदी हिरडीसारखा ओला गुलाबी रंग. ‘गुलाबी असली म्हणजे ती कामावर आहे,’ ते म्हणाले. त्या गाठीत रायझोबियम गटातले जिवाणू राहतात. झाड त्यांना साखर देतं, ते झाडाला हवेतला नत्र सोडवून देतात. पेरणीच्या आधी बियाण्याला काळं जिवाणू खत चोळतात ना, ते यांच्याचसाठी.

किती नत्र देतात? कमीत कमी धरू, एकरी २० किलो. म्हणजे जवळपास एक गोणी. एकच? हसू नका. जिल्ह्यात सोयाबीन आहे सुमारे ३ लाख हेक्टरांवर. साडेसात लाख एकर, तेवढ्याच गोण्या. खताची एक रेक लागली की तिच्यात सुमारे २,६०० टन खत येतं. अशा बारा-तेरा रेका भरतील. २० कोटी रुपयांचं खत. ना कारखाना, ना धुराडं, ना हमाल. मोहरीएवढ्या गाठींनी जमिनीखाली, अंधारात, आपण गावात पोळ्याची तयारी करत असताना तयार केलेलं!

खालून वर जाऊ. मातीवर गवत, गवतावर नाकतोडे, नाकतोड्यांवर बेडूक-सरडे, त्यांच्यावर साप, सापांवर सापमार गरुड. या प्रत्येक पायरीवर दहातले नऊ हिस्से जगण्यातच खर्च होतात आणि एकच हिस्सा वर पोचतो, असा ढोबळ नियम आहे. मग दोन किलोच्या एका गरुडाचा पाया काढा. दोन किलो गरुडाखाली वीस किलो साप. त्याखाली दोनशे किलो बेडूक आणि सरडे. त्याखाली दोन हजार किलो नाकतोडे. आणि सगळ्यांत खाली वीस हजार किलो गवत, दहा टनी दोन ट्रक भरून! एक नाकतोडा ग्रॅमभर धरला तर ते झाले वीस लाख. चार सेंटिमीटरचा एकेक नाकतोडा रुळाला लावून बसवत गेलात तर वाशीम स्टेशनपासून निघालेली रांग अकोल्याला टेकते. सगळी रांग एका गरुडाखाली. वर आकाशात तो एकटा फिरताना दिसतो, पण तो एकटा मुळीच नसतो.

घुबडाचंही सांगून टाकतो, कारण त्याला आपण उगीच अशुभ म्हणतो. गव्हाणी घुबड वर्षाला हजाराच्या घरात उंदीर मारतं. एक उंदीर दिवसाला दहा ग्रॅम दाणा खातो. हजार उंदीर वर्षभर जगले असते तर साडेछत्तीस क्विंटल. सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव होता ४,८९२ रुपये. पावणेदोन लाखांच्या वर! गोठ्याच्या आढ्यावर बसलेलं ते पांढऱ्या तोंडाचं पाखरू वर्षाला पावणेदोन लाखांची राखण करतं.

आता कारंज्याकडे वळू. तिथे काळविटांसाठी राखलेलं कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे, १८.३२ चौरस किलोमीटरचं. अख्खा जिल्हा शंभर रुपयांचा धरला तर हे अभयारण्य ३७ पैशांचं. पण या ३७ पैशांत जो जीव राहतो, तो ताशी ८० किलोमीटरने धावतो. तोच वेग टिकवता आला तर काळवीट मुंबईहून दोन तासांच्या आत पुण्यात! टोलनाका नाही, डिझेल नाही, पोटात फक्त गवत.

आणि याच मुलखातल्या उंच गवतात पावसाळ्यात येतो तणमोर. वजन अर्धा किलो. नर काळा-पांढरा, डोक्यामागे तुरे. मादीला गवतातून आपण दिसावं म्हणून तो जागच्या जागी सरळ वर उडी मारतो, दीड-दोन मीटर. खाली येतो. पुन्हा उडी. एका दिवसात ५०० च्या आसपास उड्या! दोन मीटरची उडी धरली तर दिवसाला एक किलोमीटर उंची. महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. तणमोर दुसऱ्या दिवशी दुपारीच ते ओलांडतो. दोन महिन्यांत ६० किलोमीटर. जवळजवळ सात एव्हरेस्ट! अर्ध्या किलोचा जीव, नाकतोडे खाऊन.

पण देशभर असे नर उरले किती? २०१७-१८ च्या पाहणीत अंदाज निघाला २६४. इतका वेळ आपण कोटींत बोलत होतो, आता बोटांवर आलो. ४४ सीटच्या सहा एसटी गाड्यांत ते सगळे मावतील. कारण सरळ आहे: त्याला गवत लागतं, आणि गवताळ माळ म्हटलं की आपल्याला ती पडीक जमीन वाटते. ई-क्लासची, म्हणजे चराईची, जमीन नांगरली, गवत गेलं, नाकतोडा गेला, तणमोर गेला. अकोला-वाशीम भागात पाखरांच्या सवयी पिढ्यान् पिढ्या ठाऊक असलेल्या फासेपारधी समाजातल्या लोकांनीच तणमोर आणि त्याचं गवत राखायचं काम हाती घेतलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

बदल तर होतच असतात, असं कुणी म्हणेल. होतात. पण किती वेगाने? चला, काळ रस्त्यावर अंथरू. आपल्या काळ्या मातीखालचा दगड हा लाव्हा आहे, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. तो लाव्हा वाहिला तो क्षण मुंबईत ठेवा आणि आजचा दिवस पुण्यात. म्हणजे एक वर्ष झालं सव्वादोन मिलिमीटर, तांदळाच्या दाण्याच्या निम्मं. आपण लोणावळा ओलांडला, देहूरोड ओलांडलं, तरी माणसाचा पत्ता नाही. पुणे स्टेशनात गाडी थांबायला चार मीटर उरले तेव्हा कुठे वाशीमचं वत्सगुल्म हे नाव ऐकू येतं, वाकाटकांच्या राजधानीचं. ज्वारी-कापसाच्या या मुलखात सोयाबीन पसरलं ते शेवटच्या नऊ-दहा सेंटिमीटरमध्ये. १९९८ साली वाशीम जिल्हा झाला, त्याला झाले सहा सेंटिमीटर. आणि आजोबांचं ऐंशी वर्षांचं आयुष्य? पुरती वीतभरही नाही.

आता या दीडशे किलोमीटरच्या रस्त्यावर फक्त दोन बोटं रुंदीची जागा बघा. १९९२ ते २००७. पंधरा वर्षं, साडेतीन सेंटिमीटर. एवढ्या जागेत भारतातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं हजारातली एक उरली. हजारातली एक! वाशीम जिल्ह्याच्या १२ लाख माणसांचं असं झालं असतं तर १,२०० उरली असती, एका एक्स्प्रेस गाडीत बसून जातील एवढी.

कशामुळे? गुरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफेनॅक नावाचं साधं औषध. ते टोचलेलं जनावर मेलं, गिधाडाने खाल्लं, की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी. पूर्वी गावाबाहेर बैल मेला तर गिधाडांचा थवा तासाभरात हाडं उघडी करायचा. गिधाडं गेली आणि मढी कुजू लागली, पाणी नासलं, कुत्री वाढली, त्यांच्याबरोबर रेबीज वाढला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अर्थतज्ज्ञांच्या एका अभ्यासाने हिशेब मांडला: २००० ते २००५ या काळात त्यामुळे देशात पाच लाखांवर माणसं जास्तीची दगावली. पाच लाख. आपल्या जिल्ह्याच्या लोकसंख्येशी तोललं तर दर बारा माणसांतली पाच. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा वही मिटून बसलो होतो. एका पाखराची जागा रिकामी झाली आणि तिची किंमत एवढी. २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, आणि जिथे गिधाडं टिकली आहेत तिथे त्यांना जपणं आता चालू आहे.

चला, परत वावरात. सगळ्यांत मोठा आकडा मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, आणि तो आपल्या पायाखाली आहे.

चिमूटभर माती घ्या, एक ग्रॅम. तिच्यात १०० कोटींपर्यंत जिवाणू असू शकतात. चहाच्या दोन चमच्यांत आले १,००० कोटी, जगातल्या सगळ्या माणसांहून जास्त! एका एकरातली वरची, वीतभराहून थोडी कमी माती भरते सुमारे ९ लाख किलो. मग त्यात जिवाणू किती? नवावर सतरा शून्यं. कोटी संपले, अब्ज संपले, खर्व-निखर्व संपले. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त संख्यांची नावं दिली आहेत, त्यातलं शेवटचं नाव परार्ध, एकावर सतरा शून्यं. एका एकरात नऊ परार्ध! सेकंदाला एक याप्रमाणे, न झोपता, न जेवता, विश्वाच्या जन्मापासून कुणी मोजायला बसलं असतं, १,३८० कोटी वर्षांपूर्वी, तर आज त्याचं जेमतेम अर्धा एकर मोजून झालं असतं. धुऱ्याच्या पलीकडचं अर्धं अजून बाकी!

हे मोजणं आपल्या हातचं नाही. पण एक आहे. सोयाबीनच्या एका एकरात साधारण पावणेदोन लाख झाडं असतात. एका झाडाला तीस गाठी धरा. एकरी अर्ध्या कोटीहून जास्त. जिल्ह्यातल्या साडेसात लाख एकरांना गुणा. उत्तर येतं सुमारे ४ लाख कोटी. ओळखीचा वाटतो ना हा आकडा? पावसाच्या लिटरांचा आकडा तोच होता! वाशीमवर पडणाऱ्या प्रत्येक लिटर पाण्यामागे जमिनीत एक गुलाबी गाठ.

तीस हा मी धरलेला आकडा आहे. या श्रावणात, पेरून दीड महिना झाला की, घरच्यांना विचारून एक झाड मातीच्या ढेकळासकट उपटा, बादलीत हलकेच धुवा आणि मोजा. एक गाठ नखाने फोडून रंग बघा. मग वहीत तारीख, वावराचं नाव आणि आकडा लिहून ठेवा, पुढच्या श्रावणात त्याच वावरात पुन्हा मोजायला.